हौसाबाईंनी खानावळ बंद केली

वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत हौसाबाईंच्या खानावळीत आता एकच माणूस जेवायला उरला होता. दौलत शिगवण. दुपारी यायचा, संध्याकाळी यायचा, भिंतीला टेकून ठरलेल्या जागी बसायचा. ताटात वाढलेलं निमूट संपवायचा, मोरीत हात धुवायचा, "येतो वहिनी" म्हणायचा आणि समोरच्या इमारतीत आपल्या खोलीवर निघून जायचा. जेवण चांगलं झालंय की वाईट, हे त्यानं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं आणि हौसाबाईंनीही विचारलं नव्हतं.

त्या सकाळी हौसाबाईंनी परातीत पीठ काढलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि तशाच बसून राहिल्या. दोन्ही मनगटं सुजली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पट्टे दिले होते, पण पट्टे बांधून कणीक मळता येत नाही आणि कणीक मळली की पट्टे बांधण्यात अर्थ राहत नाही. म्हणून पट्टे खुंटीला लटकत होते. बाहेर कुणाच्या तरी घरातलं कपाट जिन्यावरून खाली उतरवत होते. "वळव, वळव, अरे भिंतीला लागतंय," असा गलका चालला होता. इमारत पाडायची होती. नवीन टॉवर उभा राहणार होता. माणसं भराभर खोल्या रिकाम्या करून भाड्याच्या घरांत चालली होती. हौसाबाईंनाही महिनाअखेर डोंबिवलीला मुलाकडे जायचं होतं.

त्यांना त्याचं दुःख होत नव्हतं. शेजारणी रडत होत्या, भिंतींवरून हात फिरवत होत्या. हौसाबाईंना मात्र एवढंच वाटत होतं, की आता हे पीठ आपण मळलं नाही तर काय होईल?

पण दौलत येणार होता. त्यांनी पीठ मळलं.

हौसाबाई साताऱ्याकडच्या, पाटण तालुक्यातल्या. लग्न होऊन ठाण्याला आल्या तेव्हा नवरा मारुती इथल्या तारांच्या कारखान्यात नुकताच कायम झाला होता. तेव्हा या भागात भोंगे वाजायचे ते घड्याळाची गरज पडू द्यायचे नाहीत. लोकरीची गिरणी होती, काचेचं काम होतं, रंगाचे कारखाने होते आणि पलीकडे वागळे इस्टेटीत तर गल्लोगल्ली यंत्रं धडधडत असायची. गावाकडून पोरं यायची, सहा-सहा जण एका खोलीत राहायची. खोली मिळायची, काम मिळायचं, जेवायचे हाल.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एके दिवशी मारुती कामावरून आला तो दोघांना घेऊनच. "ही आपल्याकडची पोरं. उद्यापासून आपल्यातच जेवतील," तो म्हणाला. हौसाबाईंनी पदर सारखा करून मान हलवली. सासरी विचारायची पद्धत नसते हे त्यांना माहेरूनच माहीत होतं. दोघांचे चौघे झाले, चौघांचे दहा. पुढे त्यांच्या खोलीला खानावळ म्हणायला कधी सुरुवात झाली तेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

कारखाना तीन पाळ्यांत चालायचा, तशीच खानावळही. पहिल्या पाळीचे डबे अंधारात भरायचे, दुसऱ्या पाळीची माणसं जेवून कामावर जायची, आणि रात्रपाळीवाले सकाळी लाल डोळ्यांनी दारात उभे राहायचे. स्टोव्ह निवायचा नाही. देशावरच्या माणसांना भाकरी लागायची, कोकणातल्यांना भात. एकाचं दुसऱ्याला चालायचं नाही. रविवारी घाटावरचे मटण मागायचे, कोकणातले मासे. हौसाबाईंच्या माहेरी मासळी म्हणजे ओढ्याला पावसात सापडली तर. इथे त्या शेजारच्या कलावतीकडून बोंबील साफ करायला शिकल्या, मांदेली शिकल्या, कोळंबीचा दोरा काढायला शिकल्या. मुलाच्या, संदेशच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा तो वास सोसायचा नाही. मोरीत जाऊन ओकायच्या आणि तोंड धुऊन परत कोळंबीला बसायच्या.

त्यांच्या हाताला मात्र चव होती. हे सगळेच म्हणायचे. मारुती तर छाती काढून सांगायचा, "आमच्या मंडळीनं नुसतं पाणी उकळलं तरी त्याचा वास गेटपर्यंत येतो." माणसं हसायची. हौसाबाईही हसायच्या. नाव हौसा, त्यामुळे बोलणाऱ्यांची सोयच व्हायची. हौसेनं जेवू घालणारी बाई.

मग एका पावसाळ्यानंतर कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. आज उघडेल, दिवाळीनंतर उघडेल असं करता करता माणसं पांगली. कुणी गावी जाऊन शेतीला लागलं, कुणी रिक्षा घेतली. बरेच जण घोडबंदर रोडला नव्या उंच इमारतींच्या दारांवर वॉचमन म्हणून उभे राहिले. मारुती घरी बसला. सुरुवातीला रोज फाटकापर्यंत चक्कर मारून यायचा. नंतर तेही थांबलं. एके सकाळी तो हौसाबाईंच्या शेजारी पाट घेऊन बसला आणि त्यांच्या हातातली विळी आपल्याकडे ओढून म्हणाला, "कांदे मी कापतो."

त्यानंतर मारुती जाईपर्यंत कांदे तोच कापायचा. चिरताना बोलायचा. गावातलं, कारखान्यातलं, जुनं काहीबाही. त्यांच्या संसारात दोघं एवढी सलग कधी बोलली नव्हती. एका संक्रांतीच्या आधी तो छातीत कळ येऊन गेला, तेव्हा हौसाबाईंना त्याच्यापेक्षा आधी आठवली ती त्याच्या बोटांना येणारी कांद्याची घाण. मग रडू आलं.

खानावळ पुढेही चालली. खोपटच्या एसटी डेपोतले गावाकडचे कंडक्टर यायचे, इस्टेटीतली पोरं यायची. संदेश शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तो डोंबिवलीला गेला. पुढे गल्लीगल्लीत पोळीभाजी केंद्रं निघाली, मोबाईलवर जेवण मागवायची सोय झाली आणि माणसं एकेक करून कमी होत गेली. उरला तो दौलत.

दौलत चिपळूणकडचा. मारुतीच्याच खात्यात होता. बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, मूलही गेलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. कारखाना बंद झाल्यावर गावी भावाकडे राहून पाहिलं, तिथे जमलं नाही म्हणून परत आला. एका सोसायटीच्या पंपावर काम केलं, आता तेही नव्हतं. त्याला खानावळीची सवय होती आणि हौसाबाईंना त्याची.

वसाहत रिकामी व्हायच्या आधी सगळ्यांनी एकदा जमावं असं ठरलं. पुढाकार कल्पिताचा होता. कल्पिता माजिवड्याची, एका कॉलेजात शिकवायची. तिच्या घरच्यांची पूर्वी मिठागरं होती, आजोबा आणि आजी दोघांचं आयुष्य खाडीकाठी मीठ ओढण्यात गेलं होतं. मिठागरं गेली, आजी-आजोबा गेले, आणि त्यांच्याकडून काही ऐकून ठेवायचं राहून गेलं म्हणून ही मुलगी आता कारखान्यांच्या जमान्यातल्या माणसांना गाठून त्यांचं बोलणं मोबाईलवर घेत फिरायची. हौसाबाईंकडेही आली.

"मावशी, एवढ्या माणसांना जेवू घालायचं म्हणजे खरंच माया लागते," ती म्हणाली. "दमायचं नाही का हो तुम्हाला?"

"दमायचं की."

"पण समाधान मिळत असेल ना?"

मुलगी चांगली होती. मोबाईल पुढे धरून आशेनं बघत होती. हौसाबाई म्हणाल्या, "मिळायचं." तिनं मान डोलावली. जाताना वाकून पाया पडली आणि कार्यक्रमात दोन शब्द बोलायचं वचन घेऊन गेली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी झाला. दरवर्षी जिथे गणपती बसायचा त्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. आधीच निघून गेलेली माणसंही आली होती. पनवेलहून, बदलापूरहून, एकजण तर पाटणहून एसटीनं. पहिल्या पाळीतला देवराम फोरमन काठी टेकत आला होता. त्याला हौसाबाई ओळखू आल्या नाहीत, पण "अहो, खानावळीच्या" म्हटल्यावर त्यानं दोन्ही हात जोडले.

संदेश, सून ऐश्वर्या आणि नात सान्वी पुढच्या रांगेत बसली होती. एकेकजण बोलत होता. मग संदेश उठला आणि त्यानं माईक हातात घेतला. तो बोलायला हुशार होता.

"तुमच्यापैकी अर्धेजण माझ्या आईच्या हातचं जेवून मोठे झालात," तो म्हणाला. "इमारत जाणार, पण चव जाणार नाही. मी आणि ऐश्वर्यानं आईला न सांगता एक गोष्ट केलेली आहे. सान्वी, दाखव गं."

सान्वी आणि आणखी एका मुलीनं गुंडाळलेला बॅनर उलगडला. त्यावर हौसाबाईंचा फोटो होता, डोक्यावरून पदर, हातात पळी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हौसाज किचन. खाली, घरचं जेवण, डोंबिवली ते ठाणे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्याही वाजल्या. हौसाबाई बॅनरकडे बघत राहिल्या. फोटो सान्वीच्या बारशाचा होता. त्या दिवशीही स्वयंपाक त्यांनीच केला होता.

"मावशी, बोला ना," कल्पितानं त्यांना धरून वर नेलं.

माईक तोंडापुढे आला. समोर ओळखीचे चेहरे होते. कुणी भाकरीवाला, कुणी भातवाला, कुणाला लसूण चालायचा नाही, कोण ताटात टाकून उठायचा, सगळं त्यांना चेहऱ्यांवरून दिसत होतं. बोलायचं म्हणून जे ठरवून आल्या होत्या ते काहीच आठवेना.

"मी काय बोलू," त्या म्हणाल्या. "मला स्वयंपाक करायला आवडत नाही."

मांडवात हशा पिकला.

"खरं सांगते. मला कधीच आवडला न्हाई."

हशा आणखी वाढला. "वा मावशी!" मागून कुणीतरी ओरडलं. पाटणवाल्यानं जोरात टाळी वाजवली आणि त्यामागोमाग सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. हौसाबाई हशा थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या. तो थांबेपर्यंत कल्पिता हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत शाल आणि नारळ घेऊन पुढे आली. शाल खांद्यावर पडली. माईक दुसऱ्याच्या हातात गेला.

पायऱ्या उतरताना त्यांची नजर खांबापाशी बसलेल्या दौलतवर गेली. तो हसत नव्हता. टाळ्याही वाजवत नव्हता. मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलत जेवायला आला नाही.

हौसाबाईंनी पोळ्या झाकून ठेवल्या. थोडा वेळ गेला, मग आणखी थोडा. कधी आजारी असला तर आदल्या दिवशी सांगून ठेवणारा माणूस. शेवटी त्यांना राग आला. मनगटं तुटेपर्यंत लाटायचं आणि यानं खुशाल यायचं नाही? त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि समोरच्या इमारतीचा जिना चढल्या. इतक्या वर्षांत त्याच्या खोलीत त्या कधी गेल्या नव्हत्या.

दार उघडं होतं. आत जळल्याचा वास भरला होता. दौलत जमिनीवर उकिडवा बसून एका नव्याकोऱ्या पातेल्यात चमचा घालून काहीतरी खरवडत होता. शेजारी छोटा सिलिंडर होता. कोपऱ्यात बांधलेली दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी. त्यालाही जायचं होतं. खोपटला डेपोच्या मागे एक खोली मिळाली होती.

"हे काय चाललंय?" हौसाबाई दारातूनच म्हणाल्या.

तो दचकून उठला. "भात लावलेला."

"भात? पोळ्या झाकून ठेवल्यात मी तिकडं."

दौलतनं पातेलं खाली ठेवलं. हात पुसायला काही सापडेना तेव्हा बनियनलाच पुसले. "वहिनी, काल तुम्ही बोललात ते खरं होतं ना?"

हौसाबाईंनी मान डोलावली.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत असतं तर काय केलं असतंत?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "जेवलोच असतो," तो म्हणाला. "जाणार कुठं? स्वयंपाक येत नाही. पण..." त्यानं आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मला तरी कुठं आवडायचं ओ तारा ओढायला? हातांची सालटी निघायची. भोंगा झाला की नको वाटायचं. सगळ्यांचंच तसं होतं. कुणाला आवडायचं?"

"तुमाला रविवार होता," हौसाबाई म्हणाल्या. "रविवारी सुट्टी असायची तुमाला. माझ्याकडं रविवारी मटण असायचं, आणि मासेही असायचे."

दौलतनं मान खाली घातली. खाली रस्त्यावर टेम्पोवाला कुणाला तरी हाका मारत होता.

हौसाबाईंचे पाय दुखत होते. त्या दाराशीच उंबऱ्यावर बसल्या. राग निघून गेला होता आणि त्या जागी काहीच उरलं नव्हतं, नुसता शीण. स्वयंपाक आवडत नाही हे त्यांनी मारुतीला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित त्यानं कांदे आधीच कापायला घेतले असते. कदाचित नसतेही.

"पाणी किती घातलं होतं?" पातेल्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"अंदाजानं."

"कमी घातलंत. आणि आच मोठी. दाखवू का?"

"नको," दौलत घाईनं म्हणाला. "तुम्ही नका हात लावू. मी करेन. नाही जमलं तर डेपोचं कॅन्टीन आहे."

त्या दुपारी हौसाबाईंनी झाकलेल्या पोळ्या गाईला घातल्या. संध्याकाळी पीठ काढलं नाही. सकाळीही काढलं नाही. खानावळ बंद झाली ती अशी, आणि वसाहतीत ते कुणाला कळलंही नाही, कारण सगळे सामान बांधण्यात गुंतले होते.

डोंबिवलीला संदेशचं घर चौथ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघर छान होतं, ओटा उंच, वर धूर ओढणारी चिमणी. हौसाबाई पोहोचल्या त्याच आठवड्यात एका खोक्यातून डबे आले. चकचकीत, झाकणांवर त्यांचा फोटो.

"आई, सुरुवातीला फक्त पंधरा-वीस ऑर्डरी घेऊ," संदेश म्हणाला. "मदतीला बाई देतो. तू फक्त बघायचंस. चव तुझी पाहिजे."

"मी करणार नाही."

"अगं, करायचं नाहीच आहे, बघायचं आहे."

"बघणारही नाही."

संदेश हसला, मग थांबला. "म्हणजे? आई, ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलंय मी. लोक विचारतायत कधी चालू होणार. तुझंच तर आहे हे. तुझ्यासाठीच केलेलं आहे. इथं नुसती बसून तू काय करणार? कंटाळशील."

"कंटाळू दे की."

"मग त्या दिवशी स्टेजवर तू जे बोललीस ते..." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं गंमत करतेयस. मी तर घरी आल्यावर पण हसत होतो."

हौसाबाईंना मुलाची कीव आली. त्याच्या डब्यात रोज काहीतरी वेगळं असायचं म्हणून शाळेतली पोरं त्याच्याभोवती जमायची. आईला ते करताना आनंद होतो हे धरूनच तो वाढला होता. आता ते काढून घ्यायचं म्हणजे त्याच्या ताटातलंच काढून घेतल्यासारखं होतं. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. ते त्यांच्यापाशी नव्हतं.

"तुला जेवू घालायला मला आवडायचं," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक आवडायचा नाही. दोन्ही एक नव्हे, बाबा."

तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. दोन-तीन दिवस तो त्यांच्याशी तुटकच बोलत होता. डबे पलंगाखाली गेले.

बोलली ती ऐश्वर्या. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा उतरलेला असायचा. कधी वाहतुकीत दीड-दीड तास जायचा. आली की पर्स टाकून सरळ ओट्याशी उभी राहायची. एका संध्याकाळी कुकरची शिट्टी लावताना, मागे न वळता तिनं विचारलं, "आई, खरंच कधीच नव्हतं आवडत?"

"नाही गं."

"एकदाही नाही?"

हौसाबाईंनी आठवून पाहिलं. "कांदे तुझे सासरे कापायचे तेव्हा बरं वाटायचं."

ऐश्वर्या वळली. गॅस बारीक केला, खुर्ची ओढून बसली. "मला पण नाही आवडत," ती म्हणाली. "मला वाटायचं तुमच्यापुढे असं बोललं तर तुम्हाला राग येईल. एवढी मोठी खानावळ चालवलेली बाई आणि सून अशी."

कुकर फुसफुसत राहिला. पुढच्या महिन्यापासून सकाळच्या पोळ्यांना गोदा नावाची बाई यायला लागली. तिच्या पोळ्या जाड व्हायच्या, कडेला कच्च्या राहायच्या. हौसाबाईंना खाताना ते जाणवायचं. त्या काही बोलायच्या नाहीत. आयती पोळी होती. संध्याकाळची भाजी संदेश करायला शिकला, नाराजीनं, मोबाईल समोर ठेवून. कांदे कापताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं तेव्हा सान्वी टाळ्या पिटायची.

आणि हौसाबाई काय करायच्या? काही नाही. गॅलरीत बसायच्या. खाली नव्या रस्त्याचं काम चाललं होतं ते बघायच्या. कधी देवळात जायच्या. शेजारच्या फ्लॅटमधली बाई विचारायची, "मावशी, करमतं का?" त्या "करमतं" म्हणायच्या, आणि ते खरं होतं. पण आराम मिळाला की थकवा जातो असं त्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट आता तो अंगभर जाणवायला लागला. इतकी वर्षं तो कुठेतरी दाराबाहेर उभा होता आणि आता आत येऊन बसला होता. मनगटाची सूज उतरली, तरी सकाळी उठताना सगळं शरीर दगडासारखं जड असायचं. डॉक्टरला काही सापडलं नाही. वय झालं, तो म्हणाला.

दौलतचा फोन आला तो मार्गशीर्षात. संदेशच्याच मोबाईलवर. "वहिनींना रविवारी घेऊन ये. जेवायला," एवढंच बोलला आणि फोन ठेवला.

"जेवायला? दौलतकाकांकडे?" संदेशला हसू आलं. "ते करणार काय?"

"बघू," हौसाबाई म्हणाल्या. त्यांना जायचा उत्साह नव्हता. पण जायचं नाही असं म्हणायचाही उत्साह नव्हता.

रविवारी संदेशनं त्यांना गाडीनं खोपटला सोडलं आणि तो त्याच्या मित्राकडे गेला. खोली डेपोच्या मागच्या गल्लीत होती. एसट्या सुरू होऊन धूर सोडत फाटकाबाहेर पडत होत्या, कुणीतरी गाड्यांची नावं पुकारत होतं, पण खोलीत तसं शांत होतं. जमीन पुसलेली होती. दौलतनं अंगात धुतलेला सदरा घातला होता.

"बसा," त्यानं पाट मांडला. एकच.

"तुम्ही?"

"मी मागून."

हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या. दौलतनं ताट वाढलं. भात, बांगड्याचं कालवण, एक तळलेला बांगडा, कापलेला कांदा. कोकणातल्या माणसानं केलेलं कालवण, पण कोकम जास्त पडलं होतं आणि मीठही. तळलेला बांगडा एका बाजूनं काळा पडला होता. भात मात्र मोकळा झाला होता.

त्या जेवायला लागल्या. दौलत समोर उकिडवा बसून बघत होता. त्यांनाही कधीतरी असंच वाटायचं का, समोरचा कसा जेवतो ते बघावं असं? आठवेना. त्या कायम दुसऱ्या पोळीच्या घाईत असायच्या.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

"झालंय," तो म्हणाला. "मला पण वाटलं."

"कोकम कमी टाका."

"टाकेन." मग म्हणाला, "मला आवडायला लागलंय, वहिनी. स्वयंपाक करायला. सकाळपासून तेवढंच काम असतं ना. बाजारात जातो, मासे बघतो, घासाघीस करतो. वेळ जातो."

हौसाबाई हसल्या. हसताना त्यांना ठसका लागला, त्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "आणि मी जन्मभर केलं ते?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही चाळीस जणांचं केलंत. मी एकट्याचं करतो," दौलत म्हणाला. "त्यात काय! भात घ्या अजून."

त्यांनी ताट पुढे केलं. त्यानं भात वाढला, वरून कालवण घातलं, जरा जास्तच. त्या सावकाश जेवल्या. शेवटचा घास संपला तेव्हा उठायला जमिनीवर हात टेकले, पण उठवेना. दौलतनं ताटातच हात धुवायला पाणी दिलं, ताट उचललं आणि चटईकडे बोट दाखवलं. "जरा पडा. संदेशला यायला वेळ आहे."

परक्याच्या घरी दुपारी आडवं व्हायचं म्हणजे कसंसंच. पण त्या पडल्या. दौलतनं दाराचा अर्धा पडदा ओढला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवत बसला. त्याचं जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी आतून हालचाल नव्हती. श्वास मात्र संथ चालला होता.

उन्हं कलली तेव्हा हौसाबाईंच्या पिशवीतला मोबाईल वाजायला लागला. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. दौलतनं शेवटी तो काढला.

"काका, आईला द्या ना. मी निघतोय," संदेश म्हणाला.

"झोपल्यात त्या."

"झोपल्यात? आत्ता? बरं आहे ना तिला?"

"बरं आहे. दमल्यात."

"दमल्यात? काय केलं आज तिनं?"

दौलतनं दाराचा पडदा जरा बाजूला केला. त्यानं आत डोकावून पाहिलं. हौसाबाई कुशीवर वळल्या होत्या, एक हात उशाखाली, डोक्यावरचा पदर घसरलेला. "तू जरा उशिरानं ये," तो फोनमध्ये हळू आवाजात म्हणाला, "घाई नको करू," आणि फोन बंद करून तो पुन्हा पायरीवर जाऊन बसला.